बाथरूम रिकामं होतं

४ मे

प्रिय गणितबाई,

फोन उचलणार नाही, जे काही असेल ते लिहून कळवा, असं तुझं फर्मान आलं. ठीक आहे, लिहितो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तुला पत्र लिहायची वेळ कधी आली नव्हती, त्यामुळे बायकोला 'सप्रेम नमस्कार' घालतात की साष्टांग, तेच कळेना. तुझा राग बघता दुसरा बरा.

मी मजेत आहे. घर अगदी व्यवस्थित आहे. कुकरचं झाकण परवापासून निघत नाहीये, पण आतल्या भातालाही घाई दिसत नाही.

आता मुद्दा. जाताना दारात उभी राहून तू म्हणालीस, "आईच्या गावच्या शाळेत गणिताची जागा रिकामी आहे. बदलीचा अर्ज टाकते आणि तिथेच राहते." हे रागाच्या भरात बोललीस, असं मी धरून चाललोय. सुट्टी संपेपर्यंत राग उतरेल आणि तू तुझ्या वर्गावर आणि माझ्या डोक्यावर परत येशील, या आशेवर मी आहे. तोवर माझी बाजू मांडू दे, कारण त्या दिवशी तू ती मांडूच दिली नाहीस.

तुझ्या आईला मी घराबाहेर काढलं, असं तुझं म्हणणं आहे. साफ चूक. मी त्यांना फक्त समोरच्या शिंप्याच्या घरी पाठवलं.

माझ्याकडे येणारी माणसं कोणत्या दुखण्याची ते तुला माहीत आहे. आतड्याला वर्षानुवर्षं सूज, सकाळ कशी जाईल याचा भरवसा नाही, बाहेर पडायचं तर आधी बाथरूम कुठे ते विचारायचं. औषध डॉक्टर देतात. मी कुणाला बरं करत नाही, तसा दावाही केलेला नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली की मी कोमट तेलाचा हात फिरवतो, पोटाच्या उजवीकडे खालून वर, मग आडवा, मग डावीकडून खाली, आतडं जसं गेलंय तसाच. दुखण्याला घाबरून आवळलेलं पोट सैल पडतं, झोप लागते. कधी कधी मात्र पोट जरा जास्तच सैल पडतं. मग माणूस मालिशच्या टेबलावरून उठतो, आणि त्याला बाथरूम हवं असतं ते 'जरा वेळाने' नाही, 'आत्ता'. म्हणून माझा नियम आहे की टेबलावर कुणी असेल तोवर आपल्या घरातलं ते एकुलतं एक बाथरूम रिकामं राहील. घरच्यांनी रस्ता ओलांडून शिंप्याकडे जायचं. मीही तेच करतो. तूही करत होतीस, तोंड वाकडं करून का होईना.

त्या दिवशी टेबलावर बसवाले होते. (तुझ्या आईने विचारलं तर सांग, ते शहरात बस चालवतात. त्यांना प्रत्येक थांब्याचं नाव माहीत नसेल, पण तिथून जवळचं बाथरूम माहीत आहे.) तुझी आई खुर्चीतून उठली आणि बाथरूमच्या दाराशी गेली. मी तेलाचे हात वर धरून म्हणालो, "सासूबाई, आत्ता नाही. समोर शिंप्याकडे जा, त्यांना सांगून ठेवलंय."

त्या म्हणाल्या, "अहो, पण आत कुणीच नाहीये."

मी म्हणालो, "म्हणूनच."

यात मी काय वावगं बोललो? त्या मुकाट्याने गेल्या. मला वाटलं, किती समजूतदार बाई! परत आल्या त्या तडक आतल्या खोलीत, बॅग भरायला. मग तू बाहेर आलीस आणि बसवाल्यांसमोर माझा उद्धार केलास. माझ्या घरात माझ्या आईला रिकाम्या बाथरूमच्या दारातून हाकललं, म्हणालीस. आणि बसवाल्यांना शेवटपर्यंत जावं लागलंच नाही, हेही ऐकवलंस. आता ते काय त्यांच्या हातात असतं?

झाकण कसं उघडायचं तेवढं कळव.

तुझाच,
(भांडखोर नव्हे, नियमाचा पक्का)


११ मे

प्रिय गणितबाई,

तुझं कार्ड मिळालं. तीन वाक्यांत काम आटपलंस, पेपर तपासतेस तशी. "झाकण गार पाण्याखाली धरा. पत्रं आई आधी फोडते, मग मला देते. आईचा निरोप आहे, तिची निळी पिशवी तिथे राहिली असेल तर शोधू नका."

सासूबाई, नमस्कार. पत्र तुमच्या हातून जातं हे कळल्यापासून माझं अक्षर सुधारलंय, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. पिशवीबद्दल एक विचारू का? राहिलेली वस्तू शोधा असं लोक सांगतात. शोधू नका असं सांगणाऱ्या तुम्ही पहिल्याच. साहजिकच मी सगळं घर पालथं घातलं. पलंगाखाली तुमच्या लेकीचे हरवलेले दोन चष्मे सापडले. पिशवी नाही.

आता तुझ्यासाठी. तू गेल्याची बातमी बसवाल्यांनी सगळ्यांना दिली आणि तेव्हापासून माझा धंदा पार बसलाय. म्हणजे माणसं येतात, पण अपराध्यासारखी येतात. आमच्यामुळे तुमचा संसार मोडला, असं एकेकाने म्हणून झालं. बसवाले डेपोतच सगळं उरकून येतात आणि दारातूनच ओरडून सांगतात, "मला आज लागणार नाही बरं का!" खालून जाणारे लोक वर बघतात.

गाणं शिकवणाऱ्या बाईंची तर कमालच. त्यांनी ठरवलंय की काहीही झालं तरी टेबलावरून उठायचं नाही. काल हात फिरवायला लागलो तशा गुणगुणायला लागल्या. मला वाटलं, आराम पडतोय. सूर हळूहळू चढायला लागला. मी म्हटलं, "बाई, जायचंय का?" त्यांनी मान हलवली, नाही म्हणून, आणि सूर आणखी वर नेला. शेवटी असा काही वरचा सूर लागला की शिंप्याने मशीन थांबवलं, आणि बाई उडी मारून पळाल्या. बाहेर आल्यावर रडत होत्या. "तुमच्या बायकोला सांगा, मी प्रयत्न केला," म्हणाल्या.

आता तूच सांग. रोखून धरलेलं पोट दगडासारखं होतं. त्यावर मी हात फिरवू की पाटी-पेन्सिल घेऊन बसू?

घरमालकाकडेही जाऊन आलो. मागच्या गॅलरीत दुसरं बाथरूम काढू द्या म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जणू गॅलरीत विहीर खणायला निघालोय. नाही म्हणाले.

म्हणजे नियम तोच राहणार आणि बाथरूमही एकच राहणार. यात तू बसतेस का, एवढं सांग. मला तुझ्याशिवाय करमत नाही. हे वाक्य सासूबाई आधी वाचणार आहेत, तरी लिहितोय. यावरून काय ते ओळख.

तुझाच.


१९ मे

प्रिय,

चूक माझी होती. पूर्णपणे माझी. तू बोललीस ते बरोबर होतं, कदाचित जरा कमीच बोललीस. कारण विचारू नकोस.

सोबत एक बंद पाकीट आहे, ते सासूबाईंचं आहे. ते त्यांनीच उघडायचं आहे. या घराण्यात निदान एकदा तरी पत्र ज्याचं त्यानेच फोडावं.

निळी पिशवी मिळाली. ती आणि हे पत्र शिंप्याचा भाऊ तिकडे येतोय त्याच्याबरोबर पाठवतोय. पिशवीची गाठ सोडू नकोस, तशीच आईच्या हातात दे.

तुझाच.


१९ मे, पाकिटातला कागद

सासूबाईंस,

वाचून झाल्यावर हा कागद फाडून टाका.

पिशवी शिंप्याच्या घरी होती. शिंपीणबाईंनी दिली आणि म्हणाल्या, "आत बघू नका, नुसती पोचवा." मी बघितलं. ओळखीच्या गोळ्या दिसल्या. बसवाल्यांच्या खिशात असतात, त्याच. खाली कपड्यांचा जोड होता, शिंपीणबाईंनी धुवून, वाळवून, घडी घालून ठेवलेला. त्या दिवशी तुम्ही येताना अंगावर होता तो. मग मी शिंपीणबाईंना विचारलं. त्या सांगत नव्हत्या, मी फार मागे लागलो तेव्हा एवढंच म्हणाल्या की सासूबाई अनवाणी धावत आल्या, पण आमच्या जिन्यावरच उशीर झाला होता.

तुम्ही दुसरे कपडे घालून परत आलात आणि मला दिसलंही नाही.

सासूबाई, माणूस खुर्चीत कसा बसतो यावरून मी त्याचं पोट ओळखतो, अशी फुशारकी मी गावभर मारत असतो. तुम्ही आमच्या लग्नापासून दाराजवळच्या खुर्चीत बसत आलात, प्रवासाच्या दिवशी कधी काही खाल्लं नाहीत, पिशवी कधी हातावेगळी केली नाहीत. मी समजत होतो की जावयाचं घर तुम्हाला आवडत नाही. मला फार वाईट वाटतंय. त्याहून छान शब्दांत लिहायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

तुमच्या लेकीला हे माहीत नाही, हे तिच्या बोलण्यावरून कळतं. माझ्याकडून कळणार नाही. टेबलावर ऐकलेलं मी खोलीबाहेर नेत नाही, आणि तुम्ही टेबलावर आला नाहीत तरी तुमच्यासाठी नियम तोच. तिने बदली घेतली तरी मी हे सांगणार नाही. घेऊ नये म्हणून रोज उठून प्रार्थना मात्र करीन, आणि त्याला तुमची हरकत नसावी.

औषध बंद करू नका. डॉक्टरांना दाखवत राहा.

तुमचा जावई


३० मे

प्रिय गणितबाई,

या वेळी कार्ड नाही, चक्क चार पानं! वाचून बरं वाटलं, म्हणजे तुझं अक्षर बघून. मजकूर भयंकर आहे.

तू लिहितेस, "आईला काय लिहिलंत? ती ते पाकीट घेऊन बाथरूममध्ये गेली आणि रिकाम्या हाताने बाहेर आली. त्या दिवसापासून धड जेवत नाही, बोलत नाही. पिशवीत काय होतं ते विचारलं तर अंगावर आली. आधी तिला घराबाहेर काढलंत, आता पत्र लिहून छळताय. आणि एकाएकी सगळी चूक कबूल करताय, म्हणजे नक्कीच आणखी काहीतरी करून बसला आहात."

काही करून बसलेलो नाही. कागदावर काय होतं ते सांगणार नाही. सासूबाईंना विचार. त्यांनी नाही सांगितलं तर पुन्हा विचारू नकोस, त्यांना त्रास देऊ नकोस, वेळेवर जेवायला घाल, मसाला कमी टाक.

बदलीच्या अर्जावर सही झालीये, शाळा उघडायच्या आत देऊन टाकणार, असं शेवटी लिहिलंयस. वाचल्यावर मी टेबलाची चादर बदलली. मग पुन्हा बदलली. बसवाले आले तेव्हा तिसऱ्यांदा बदलत होतो. ते म्हणाले, "आज तुम्हीच झोपा इथे, मी बाहेर बसतो."

एका वाक्यात तुला परत आणता येईल असं मला माहीत आहे. ते वाक्य माझं नाही. तुला राग येईल, येऊ दे. तू जिच्यासाठी भांडतेस तिच्याशी मला असं वागता येणार नाही. बाकी तू काय ते ठरव. पण मला तू हवी आहेस, हे गणितात बसत नसेल तर समासात लिहून ठेव.

तुझाच.


६ जून

प्रिय,

तुझी आई इथे आहे. 'मैत्रिणीकडे जाते' म्हणून तुझ्याकडून निघाल्या त्या थेट इकडेच आल्या. काळजी करू नकोस, ठणठणीत आहेत. म्हणजे तशा नाहीत, पण तेच सांगायचंय. त्यांनीच सांगितलंय की सगळं लिहा, काही लपवू नका. मी एकदा खात्री करून घेतली, तर म्हणाल्या, "लिहा म्हटलं ना! की मीच लिहू?" म्हणून लिहितोय.

काल गाणंबाई टेबलावर होत्या. दार ढकलून तुझी आई आत आली, घामाने डबडबलेली, पिशवी काखेत. मी तोंड उघडायच्या आत गाणंबाईंनी गुणगुणायला सुरुवात केली. इकडे तुझ्या आईने बाथरूमच्या दाराकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. तिकडे सूर चढायला लागला. दोघींनाही एकदमच! मी मध्ये उभा, कोपरापर्यंत तेल, आणि माझ्या नियमात या प्रसंगाचा कुठे उल्लेखच नाही.

तुझी आई म्हणाली, "मी जाते समोर." आणि वळली.

गाणंबाई उठून बसल्या. त्यांनी तुझ्या आईच्या तोंडाकडे एकदा बघितलं. मला जे इतक्या वर्षांत दिसलं नाही ते त्यांना एका नजरेत दिसलं, कारण तो चेहरा त्या रोज आरशात बघतात. "अहो आजी, तुमच्याने रस्ता ओलांडणं होणार नाही. तुम्ही जा आत!" असं म्हणून त्यांनी चादर अंगाभोवती गुंडाळली आणि जिन्यावरून ज्या सुटल्या त्या थेट रस्त्यात. मी खिडकीतून बघितलं. एक ट्रक थांबला. एका सायकलवाल्याने हात जोडले, का ते देव जाणे. गाणंबाई शेवटचा सूर लावत शिंप्याच्या दारात शिरल्या.

तुझी आई बाहेर आली तेव्हा मी अजून खिडकीशीच होतो. "काय झालं?" म्हणाल्या. मी सांगितलं. तुझी आई हसली. मी त्यांना हसताना कधी बघितलं नव्हतं. भिंतीला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग ते पाणी थांबेना, आणि ते हसण्याचं नाही हे माझ्या उशिरा लक्षात आलं. माझ्या सगळंच उशिरा लक्षात येतं, हे तुझं वाक्य मी आता मान्य करतो.

तुझ्या आईला कोलायटिस आहे, माझ्या माणसांची तीच आतड्याची सूज. तू पहिलीत गेलीस तेव्हापासून. तुझ्या वडिलांनाही कधी कळू दिलं नाही. डॉक्टरकडे जाताना देवळात जाते म्हणायच्या, म्हणून गावात त्या फार भाविक समजल्या जातात. त्या दिवशी मी त्यांना शिंप्याकडे पाठवलं तेव्हा त्या तिथे पोचू शकल्या नाहीत. बाकी तू समजून घे. तो शब्द त्यांच्या तोंडून आयुष्यात निघालेला नाही. अजूनही 'तिकडे जायचंय' असंच म्हणतात.

मी त्यांना टेबलावर झोपवलं. जावयाकडून करून घ्यायचं म्हणजे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. म्हटलं, सध्या सूज आहे, पोटाला हात लावायचाच नाही, फक्त पाय दाबतो. थोड्या वेळाने छताकडे बघत म्हणाल्या, "ती माझ्यासाठी भांडून निघाली. मी तिला अडवलं नाही. अडवलं असतं तर खरं सांगावं लागलं असतं. लेकीचा संसार मोडला तर मोडू दे, पण हे बोलायला नको, असं वाटलं मला. आई असून असं वाटलं."

मला राग आला. खोटं कशाला सांगू? आपलं घर जवळजवळ मोडलं होतं. हातातला पाय तसाच सोडून उठावं असं वाटलं. पण तो पाय थंडगार होता. मग मी दाबतच राहिलो.

बसवाले आत्ताच येऊन गेले. त्यांनी आणि तुझ्या आईने एकमेकांच्या गोळ्यांची तुलना केली आणि कुठल्या थांब्यावरचं बाथरूम चांगलं यावर कडाक्याचा वाद घातला. तुझी आई बस प्रवासातली किती जाणकार आहे, तुला कल्पना नाही.

तू आता माझ्यावर चिडशील की ठाऊक असून का नाही सांगितलं. चिड. अर्ज द्यायचा की फाडायचा तेही तूच ठरव. मी आणखी गयावया करणार नाही. खरं म्हणजे करीन, पण समोर आलीस तर.

पत्र बंद करत होतो, तेवढ्यात तुझ्या आईने हातातून ओढून घेतलं. जाणारी पत्रंही आधी त्याच वाचणार म्हणे. खाली त्यांना काही लिहायचंय.

तुझाच.


बाळ,

यांनी लिहिलंय ते सगळं खरं आहे. देवळाचं लिहायला नको होतं.

तू माझी बाजू घेऊन यांच्याशी भांडलीस तेव्हा मी आतल्या खोलीत बॅग भरत होते आणि मला बरं वाटत होतं. माझ्या बाजूने कुणी इतकं बोललं नव्हतं कधी. म्हणून मी गप्प राहिले, त्या दिवशी आणि नंतरही, तू रात्री उशीत तोंड घालून रडायचीस तेव्हासुद्धा. मला सगळं ऐकू यायचं.

तुझं भांडण यांच्याशी नाही, माझ्याशी आहे. ते पत्रात नको, मला समोर हवं आहे. पत्र मिळताच पुढच्या गाडीने ये आणि मनात असेल ते सगळं बोल, मी उलट बोलणार नाही. मात्र तू बोलत असताना मला मध्येच उठून संडासला जावं लागेल. तेव्हा रागावून निघून जाऊ नकोस. बसून राहा. मी परत येईन आणि राहिलेलं सगळं ऐकून घेईन.

आई